बेल्ट न हलवता

“मॅडम, ही गाडी माझ्याकडं नका ठेवू,” काशिराम म्हणाला आणि बोलता बोलता त्याने उजवा हात पाठीमागे नेला. हात लपवायची ही खोड त्याला अलीकडेच लागली होती.

अनुया मॅडमच्या हातात पुठ्ठ्याचं छोटं खोकं होतं. त्यात नवा सेन्सर. मागे गॅरेजच्या तोंडाशी त्यांची जुनी निळी डिझेल गाडी उभी होती. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने ती उरण नाक्यापासून दोरीने ओढत पनवेलच्या कोळीवाड्यालगतच्या या गल्लीत आणून सोडली होती आणि तो आपल्या वाटेने निघून गेला होता. म्हणजे परत पाठवायची म्हटली तरी ती पाठवणार कशी, हा प्रश्न होताच.

“काका, दुसरीकडे विचारून आलेय मी. ते म्हणतात, सेन्सर टायमिंग बेल्टच्या मागे आहे. बेल्ट उतरवायचा, मग अख्खं किटच बदलायचं, पार्ट मागवायचे. गाडी आठवडाभर सोडून जा म्हणाले. आठवडाभर मी काय करू? गव्हाणच्या आजी आहेत, जासईचे पेशंट आहेत. बसने फिरले तर दिवसाला एकच घर होतं.”

“बरोबरच सांगतात ते. रीत तीच हाय.”

“पण तुम्हीच मला सांगितलं होतं ना, बेल्ट न हलवता तुम्ही तो सेन्सर काढायचात म्हणून? व्यायाम करताना सांगत होतात. एकदा नाही, बऱ्याचदा.”

झालं. आजारी माणसाला दुसरा उद्योग नसतो, म्हणून तो आपले जुने पराक्रम सांगत सुटतो. ऐकणारा मान हलवत ऐकतो, आणि आजाऱ्याला वाटतं, हा काही लक्षात ठेवणार नाही. अनुया मॅडमनी नेमकं लक्षात ठेवलं होतं. काशिरामाला स्वतःच्या जिभेचा राग आला.

गोष्ट खोटी नव्हती, हेही सांगून टाकायला हवं. हा सेन्सर इंजिनाच्या मुख्य दांड्याशेजारी बसतो आणि दांडा फिरतोय की नाही, ते गाडीला कळवत राहतो. तो बिघडला की इंजिन गार असताना गाडी छान चालते आणि तापलं की चालता चालता गप्प होते. मॅडमची गाडी अशीच उरण रस्त्यावर, पुढे कंटेनरचा ट्रेलर आणि मागेही ट्रेलर, अशी मधोमध बंद पडली होती. आणि या सेन्सरच्या अगदी पुढून जातो टायमिंग बेल्ट, म्हणजे वरच्या नि खालच्या चाकांना एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. तो एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तर आतले वॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि चांगल्या इंजिनाचं भंगार होतं. म्हणून इतर लोक बेल्ट उतरवून पुन्हा नव्याने जुळवतात. काशिराम काय करायचा, बेल्ट चाकांना आहे तसा बांधून टाकायचा, ताण देणारी पुली अगदी जराशी ढिली करायचा आणि पट्ट्यामागे बोटं सरकवून सेन्सर बाहेर काढायचा. तिथे डोळ्याला काही दिसत नाही. जे काय बघायचं ते बोटांनी.

आणि इथेच सगळं अडलं होतं. शिमग्याच्या तोंडावर, कोळीवाड्यात होळीची तयारी चाललेली असताना, काशिरामाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. अनुया मॅडम एका संस्थेतर्फे घरोघर जाऊन अशा लोकांना व्यायाम शिकवायच्या, त्या त्याच्या घरी येऊ लागल्या. उन्हाळा म्हणू नका, पाऊस म्हणू नका, ठरल्या दिवशी बाई दारात हजर. आधी त्यांनी त्याला बसवला, मग उभा केला, मग भिंतीला धरून चालवला. तोंडातले शब्द सरळ झाले, हात खांद्याच्या वर जाऊ लागला. एक गोष्ट तेवढी परत आली नाही. उजव्या हाताची बोटं वळायची, धरायची, पण त्यांना काही कळायचं नाही. डोळे मिटून हातात पाना दिला तर तो पाना आहे की नुसती हवा, हे काशिरामाला सांगता येत नसे.

त्यावरही मॅडमनी उपाय सांगितला होता. एका पातेल्यात तांदूळ घ्यायचे, त्यात लहानसहान वस्तू पुरायच्या आणि न बघता बोटांनी शोधून ओळखायच्या. भामा, काशिरामाची बायको, रोज दुपारी पातेलं घेऊन बसायची. आधी बटणं, चिंचोके आणि जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या झाल्या. मग तिने गॅरेजमधून नट, बोल्ट, वायसरांचा डबाच मागवून घेतला. काशिराम चाचपडायचा, काहीतरी ठोकून द्यायचा, चुकायचा. मग भामा तांदळात हात घालून ती वस्तू काढायची आणि म्हणायची, “चौदाचा म्हनता काय? हा बाराचा हाय. परत करा.” तो चिडायचा. ती परत पुरायची.

आता तो रोज सकाळी येऊन शटर उघडायचा, उदबत्ती लावायचा आणि रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून राहायचा. गाडी कुणी आणत नव्हतं, आणि आणली तरी तो नको म्हणायचा. त्याचा मुलगा प्रितम जासईला कंटेनर यार्डात नोकरीला होता. पोरगा वाईट नव्हता. बापाने रोज असं बसून झुरावं, हे त्याला बघवत नव्हतं. त्याने गणूशेठ म्हणून एक माणूस पाहिला होता, पाण्याचे जार ठेवायला त्याला गाळा हवा होता. काशिरामाने “बघू, बघू” करत दिवस काढले होते. आता गणूशेठ मापं घ्यायला येणार होता, आज, संध्याकाळी.

“काका, मला घाई आहे म्हणून नाही म्हणत,” अनुया मॅडम म्हणाल्या. “मला खरंच वाटतं तुम्हाला जमेल.”

“तुमाला वाटतं. माझ्या बोटांना नाय ना वाटत.”

एवढ्यात भामा डबा घेऊन आली. ती नेहमीप्रमाणे शटरच्या रुळाबाहेर थांबली. हे थांबणं काय होतं, तेही सांगतो. काशिरामाच्या बापाची होडी होती. बाईने होडीवर पाय ठेवायचा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. बायकांनी जाळी विणावी, मासळी विकावी, होडी लागली की टोपल्या भराव्यात, पण फळी ओलांडायची नाही. पुढे खाडीत मासळी राहिली नाही, होडी गेली, काशिराम गाड्यांची कामं शिकला आणि होडीचा रिवाज त्याने होता तसा उचलून गॅरेजला लावला. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. कुणी विचारलंच नाही. लग्न झाल्यापासून भामा डबा घेऊन यायची, रुळाबाहेर उभी राहायची आणि तो घेतला की परत जायची. त्या गॅरेजमध्ये पनवेलमधल्या निम्म्या गाड्या येऊन गेल्या असतील, भामा काही गेली नाही.

“काय झायलं?” तिने विचारलं. मॅडमनी सगळं सांगितलं. भामाने ऐकून घेतलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला.

“द्या चावी.”

“भामा,” काशिराम म्हणाला.

“तुमी गव्हानला जा, म्हातारी वाट बघत असंल. गाडी संध्याकाली घेऊन जा.” मॅडमनी चावी आणि सेन्सरचं खोकं तिच्या हातात ठेवलं, काशिरामाकडे बघून हसल्या आणि बस गाठायला निघून गेल्या.

मग काशिराम पेटला. “तुला काय कलतं त्यातलं? एक दात सरकला तर त्या बाईचं इंजिन जाईल. तिनं मला हागायला मुतायला उठून जायला शिकवलं परत, आनि मी तिचीच गाडी मोडू?”

“आनि गाडी आठवडाभर पडून राह्यली तर? आपल्यासारखं कोन कोन वाट बघत असतील तिची?” भामा म्हणाली. “तुमी पडलेला तवा दाराकडं बघत बसायचा. मी बघितलंय.”

मॅडम यायच्या दिवशी तो सकाळपासून दाराकडे डोळे लावून असायचा, हे खरं होतं. त्याने बॅटरीची तार सोडली, जॅक ओढला आणि गाडीचं पुढचं चाक उचललं.

सुरुवात बरी झाली. डाव्या हाताने तो चाक सोडत होता, उजव्याने नुसता आधार देत होता, आणि जे जे डोळ्याला दिसत होतं ते ते जमत होतं. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक निघालं. बाहेरचा पट्टा निघाला. खालची मोठी पुली निघायला फार त्रास झाला, घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला, पण तीही निघाली. बेल्टवरची झाकणं उतरली आणि काळा दातेरी पट्टा समोर आला. बेल्ट चांगला होता, कुठे चीर नव्हती, तेलाचा डाग नव्हता. त्याने पान्याने इंजिन सावकाश फिरवून वरच्या आणि खालच्या चाकावरच्या खुणा ठरल्या जागी आणल्या, आणि पट्ट्यावर नि चाकांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या. भामा रुळाबाहेर उकिडवी बसून बघत होती. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडावर कामातली ती जुनी आठी उमटलेली पाहून तिला बरं वाटत होतं.

पुढचा भाग बोटांचा होता. बेल्ट बांधायच्या आधी सेन्सरचा बोल्ट हलतोय का बघावं, म्हणून काशिरामाने उजव्या हातात दहाचा पाना घेतला आणि हात पट्ट्यामागच्या फटीत घातला. तोंड एका बाजूला वळवून, डोळे अर्धवट मिटून, तो मनगट फिरवू लागला. फिरवलं, परत मागे आणलं, परत फिरवलं.

“अवो,” भामा हळूच म्हणाली.

“थांब, येतोय.”

“अवो, पाना खाली पडलाय.”

काशिरामाने खाली पाहिलं. पाना त्याच्या पायाशी होता. किती वेळ तो रिकामा हात फिरवत होता कोण जाणे. त्याने हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग तो डब्यावर जाऊन बसला.

गल्लीतून एक भाजीची गाडी ओरडत गेली. “प्रितमला फोन लाव,” काशिराम शेवटी म्हणाला. “सांग, गनूशेठला आजच चावी देऊन टाक. माझ्यानं व्हायचं नाय.” आणि त्याचे डोळे भरून आले. तो रडला, असंच म्हणायला हवं. झटका आला तेव्हा रडला नव्हता, तो आता रडला.

भामाने फोन लावला नाही. ती बाहेर बसल्या जागेवरून गाडीच्या पोटाकडे बघत होती. “तिथं दहाचा बोल्ट हाय ना? तांदलात असायचा तो? पिवला, डोक्याशी वायसर चिकटलेला?”

“तोच. पन काला. पिवला तो चौदाचा.”

“मना कलंल तो,” भामा म्हणाली. “तुमाला नाय कलला ना, तरी मना रोज कलायचा.”

काशिरामाने मान वर केली. रोज दुपारी पातेल्यात कोण हात घालत होतं, कोण न बघता दहा, बारा, चौदा ओळखत होतं, ते त्याला आता, इतक्या उशिरा दिसलं. त्याची बोटं शिकली नव्हती. पण व्यायाम काही वाया गेला नव्हता.

“आत ये,” तो म्हणाला.

“आत?”

“मग काय भाएरून हात पुरनार हाय तुझा?”

भामा उठली. तिने पदर खोचला, चपला बाहेर काढल्या. काशिराम म्हणाला, चपला घाल, खाली तेल आहे, पत्र्याचे तुकडे आहेत. तिने ऐकलं नाही. अनवाणीच रूळ ओलांडून ती आत आली आणि गाडीशेजारी बसली. जणू आपल्या माजघरातच बसली होती.

“आधी पट्टा बांधायचा. ह्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्याला,” काशिरामाने डब्यातून काढून दाखवल्या. पण या चाकाची भोकं अडचणीत होती. पट्टी आत जायची, मागे अडायची आणि परत बाहेर यायचं नाव घ्यायची नाही. पूर्वी तो दोन बोटांनी तिला मागून वाकवून घ्यायचा. भामाने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि पट्टी खाली ठेवली.

“हे चाकाला घट्ट बसवायचं, हलता कामा नाय, येवढंच ना?”

“येवढंच. पन एक सूतभर ढील पडली तर संपलं.”

“आलेच,” म्हणून ती उठली, चपला पायात सरकवून घरी गेली आणि येताना जाळं विणायची बांबूची चपटी सुई घेऊन आली, बारीक नायलॉनचा दोरा भरलेली. भामा अजूनही रोज सकाळी कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर जाळी विणायला, फाटली तर दुरुस्त करायला बसायची. फाटलेल्या जाळ्याला हात लावताना आधी भोवतालचे चांगले डोळे, म्हणजे विणीतली भोकं, बांधून घ्यावे लागतात, नाहीतर एक दुरुस्त करताना चार सैल होतात. तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुई चाकाच्या भोकातून आत गेली, मागून फिरून पट्ट्यावरून बाहेर आली. भामाने दोरा करंगळीला वेढून ओढला आणि गाठ मारली. मग शेजारच्या भोकातून दुसरा वेढा. मग तिसरा. वरचं चाक झालं, मग खालचं, दांड्याशी वेढे घेऊन.

“वढून बघा,” ती म्हणाली. काशिरामाने डाव्या हाताने पट्टा ओढून पाहिला. तो आणि चाक एकच वस्तू झाले होते. नायलॉनला इतकी घट्ट बसणारी गाठ त्याच्या बापाला यायची, आणि या बाईला येते, हे त्याला माहीत होतं. तिचा इथे उपयोग होईल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ताणाच्या पुलीचा बोल्ट त्याने डाव्या हाताने, श्वास रोखून, जरासा ढिला केला. पट्टा मधल्या भागात किंचित सैल पडला. चाकांवर तो जागचा हलला नाही.

“घाल हात. काय लागतंय?”

“गार लोखंड. मग एक वायर.”

“वायरीच्या मागं जा.”

“इथं बोल्ट हाय. दहाचा.” ती इतक्या सहजपणे म्हणाली, की काशिरामाला हसू आलं. तिने त्याचा डावा हात धरून पान्यासकट त्या फटीत नेला आणि तोंड बोल्टवर बसवून दिलं. ताकद त्याची, जागा तिची. बोल्ट कुरकुरला, अडला आणि सुटला. भामाने बोटांच्या चिमटीत सेन्सर धरून हळूहळू हलवत बाहेर काढला. तो इंजिनाच्या उष्णतेने फुगल्यासारखा झाला होता, एका बाजूने तडकलेला.

“ह्यानं येवढा ताप दिला?” ती म्हणाली.

नव्याच्या रबरी कड्याला काशिरामाने तेल लावलं. भामाने तो आत सरकवला, नीट टेकला का ते चाचपलं, वायर जुन्या वाटेने फिरवली. बोल्ट आवळला. पुलीचा ताण परत पहिल्यासारखा केला. मग भामाने एकेक गाठ कापली, दोऱ्याचा तुकडा न तुकडा वेचून बाहेर काढला.

“आता इंजिन हातानं फिरवायचं,” काशिराम म्हणाला. “खुना होत्या तिथं परत आल्या पाहिजेत. मधे कुठं अडलं तर हात काढायचा.”

त्याने पाना लावून दांडा फिरवला. सावकाश. कुठे अडलं नाही. खालची खूण फिरून बरोबर जागेवर आली. आणि भामाचा चेहरा एकदम उतरला.

“वरची नाय आली. वरची खाली गेलीय. अवो, उलटी झाली.”

काशिरामाने वर पाहिलं आणि तो हसायला लागला. असा तो शिमग्यापासून हसला नव्हता. “अगो, वरचं चाक निम्म्या चालीनं फिरतं. खालच्याचे दोन फेरे, तवा वरच्याचा एक. अजून एक फेरा हाय.”

“मग आधी सांगायचं ना. माझा जीव गेला असता.”

दुसरा फेरा पुरा झाला. दोन्ही खुणा आपापल्या जागी येऊन थांबल्या. भामाने बोट लावून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने वाकून बघितलं, मगच तिचा विश्वास बसला.

झाकणं, पुली, बाहेरचा पट्टा, चाक, सगळं परत जागेवर चढवून, बॅटरीची तार जोडून काशिराम गाडीत बसला. त्याने चावी फिरवली. इंजिन एकदा घुमलं, दोनदा घुमलं आणि सुरू झालं. आवाज अगदी सरळ, कुठे खडखड नाही. पण त्यात काही नव्हतं. गार असताना ही गाडी आधीही चालत होती. खरी परीक्षा ती तापल्यावर. म्हणून इंजिन चालू ठेवून दोघं शटरजवळच्या फळीवर जेवायला बसली. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. घास तोंडात आणि कान गाडीकडे, असं ते जेवण. जरा आवाज बदलला की दोघांचेही हात थांबत. गाडी तापली, पुढचा पंखा घरघरत सुरू झाला, बंद झाला, परत सुरू झाला. इंजिन चालतच राहिलं.

“भामा,” काशिराम म्हणाला. “मी तुला कदी इथं येऊ दिली नाय.”

“नाय.”

“आज तू नसतीस तर हा गाला गेला असता. आनि गाल्याबरोबर मी पन गेलो असतो, घरात बसून. तुझे लय उपकार झाले.”

भामाने भाकरीचा तुकडा मोडला. नवऱ्याच्या तोंडून असलं बोलणं ऐकायची तिला सवय नव्हती, तिला कुठे बघावं ते कळेना. “कालवन घ्या अजून,” ती म्हणाली.

दुपार कलल्यावर प्रितमचा फोन आला. गणूशेठ निघालेत, मापं घेतील, तुम्ही फक्त शटर उघडं ठेवा, असं तो सांगत होता.

“त्यांना सांग, येऊ नका,” काशिराम म्हणाला. “गाला रिकामा नाय. हितं दोन मिस्त्री काम करतात.”

“दोन? बाबा, दुसरा कोन ठेवलात?”

“तुजी आई.” “आई?” पलीकडून प्रितमने विचारलं. मग तो म्हणाला, “मी येतो संध्याकाली. येताना काय आनू?” काशिरामाने भामाला विचारलं. भामा म्हणाली, जिलेबी.

अनुया मॅडम आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांनी गाडी सुरू केली, गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्याने लांबवर एक चक्कर मारून आल्या. गाडी तापून आली होती आणि चालू होती. त्या उतरल्या आणि सवयीने त्यांनी काशिरामाचा उजवा हात हातात घेऊन बोटांची टोकं दाबून पाहिली.

“कळतंय काही?”

“नाय. मॅडम, खरं सांगा, कलनार हाय का कदी?”

मॅडमनी त्याचा हात सोडला नाही. “कदाचित नाही, काका,” त्या म्हणाल्या. “एवढ्या महिन्यांत आलं नाही, म्हणजे आता अवघड आहे.”

हे काशिरामाला ठाऊकच होतं. तरी ऐकताना आत काहीतरी तुटलं. पण त्याने मान हलवली आणि भामाकडे बोट केलं. “तुमचा तांदलाचा व्यायाम वाया नाय गेला. माझ्या बोटांना नाय कललं, हिच्या बोटांना कललं. बोल्ट हिनं शोधला, बेल्ट हिनं बांधला. तुमी आलाच नसतात तर हिला नट कुठला नि वायसर कुठला, ते कोन शिकवनार होतं? मी तर दारात पन घेत नव्हतो.” एवढं बोलून तो थांबला. त्याने दोन्ही हात जोडले, एक कळता, एक न कळता. “तुमी आमच्या घरात पाय ठेवलात, हे आमचं नशीब.”

अनुया मॅडमनी भामाचे दोन्ही हात धरले, ते काळे झालेले आहेत याची पर्वा न करता, आणि मग घाईघाईने गाडीत बसून निघून गेल्या. उद्या सकाळी त्यांना आधी जासई, मग गव्हाण करायचं होतं.

नळावर काशिराम डिझेलचा बोळा आणि साबणाची पूड घेऊन बसला. आजारपणात त्याचे हात भामा धूत असे. आज त्याने तिचा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि कापडाने घासायला लागला. तळव्यावरचं ग्रीस निघालं, बोटांच्या पेरांवरचं निघालं. नखांच्या कडांत मात्र काळी रेघ बसली होती, ती हटेना. तो जोर लावू लागला.

“राहू द्या,” भामा म्हणाली. “नखातलं नका काढू.”

“का गो?”

“उद्या सकाली जालं विनायला बसेन ना. बायका विचारतील, हे काय लागलंय म्हनून. विचारू देत.”

काशिरामाने घासायचं थांबवलं. मग त्याने तिच्या हातावर पाणी घातलं, आणि कोरड्या फडक्याने तो नुसता टिपून घेतला, नखांना धक्का न लावता.